लाटण्यातून ऐकलेला ठोका

पहिल्या बाळंतपणाचं काही सांगा, असं नाती म्हणतात तेव्हा मी त्यांना फटफटीची हकिगत सांगते. त्यांना वाटतं, आजीचा विषय भरकटला. विषय कुठंही भरकटलेला नसतो. त्या खेपेला मी माहेरी गेले ती बाळंतपणासाठीच; पण घट बसायच्या आधीचे आठ-दहा दिवस मी एका इंजिनाशेजारी पाट टाकून बसले होते, आणि त्या दिवसांइतकी खूश मी पुढं लेकरांच्या लग्नांतही झाले नाही.

महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. पेट्रोल अजून कुपनावरच मिळत होतं. सासर शेगावचं, माहेर मलकापूरचं. गाडीत बसलं की उतरायची वेळ येते एवढाच प्रवास, तरी सासूबाईंनी काशीला निघाल्यासारखं गाठोडं बांधून दिलं होतं. मला आठवा महिना सरत आला होता आणि राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. तसा तो एरवीही तिथंच असतो, पण तेव्हा त्याला कारण होतं.

माझे वडील जिनात मिस्त्री होते. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की तो सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यात बंद पडायचा. एका मोठ्या इंजिनावर फिरणारा लांबच लांब शाफ्ट, त्याच्यावर ओळीनं पुल्या, त्यांवरून चामड्याचे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याखाली एक रेचा, म्हणजे सरकी काढणारं यंत्र. सगळे रेचे चालू झाले की आत माणसाला स्वतःचं ओरडणंही ऐकू यायचं नाही. म्हणून तिथले लोक एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलणं ओळखायचे आणि उरलेलं हातांनी सांगायचे. मनगटावर दोन बोटं आपटली की पट्टा सुटला. पोटावर मूठ ठेवली की जेवायला चला. वडिलांचा डबा घेऊन जाता जाता मी ती भाषा लहानपणीच शिकले होते.

या भाषेमुळेच वडिलांचं एक गुपित पाच वर्षं झाकून राहिलं होतं. चाळीस हंगाम त्या आवाजात काढून त्यांचे कान गेले होते. कमी ऐकू यायचं असं नाही, येतच नव्हतं. पण जिनात कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळं कुणाला कळायचंही कारण नव्हतं. घरात फक्त आईला आणि मला माहीत होतं. आम्ही त्यांच्यासमोर जाऊन बोलायचो, आणि ते आमच्या तोंडाकडं बघून उत्तर द्यायचे. आम्ही दोघींनी ही गोष्ट चाळीत कुणालाही कळू दिली नव्हती, कारण मोठ्या इंजिनाचा मिस्त्री बहिरा आहे म्हटल्यावर त्याला कोण ठेवणार?

जिनाच्या मॅनेजरांनी त्या वर्षी लष्कराच्या जुन्या सामानातून एक मोटारसायकल आणली होती. आणली म्हणजे काय, दोन खोक्यांत भरून आणली होती. चाकं एकीकडं, इंजिन दुसरीकडं, आणि आतला निम्मा माल गंजलेला. त्यांना हंगामात धामणगाव बढ्याकडं, मोताळ्याकडं कापूस बघायला फिरावं लागायचं आणि बैलगाडीनं कंबर मोडायची. "मिस्त्री, एवढं उभं करा," ते म्हणाले, आणि वडिलांनी सगळा बंद हंगाम त्या दोन खोक्यांत घातला. जिनाच्या लेथवर बुश कातले. पिस्टनच्या कड्या घासून बसवल्या. जो भाग मिळाला नाही तो कानशीनं घडवला. मी माहेरी पोचले त्याच दिवशी फटफटी पुरी झाली होती, आणि मला बघून ते आधी "बरी हायेस ना?" म्हणाले आणि लगेच "चाल, दाखवतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जिनाच्या आवारात सगळे जमले. मॅनेजर, कारकून, मापाडी, आणि बुऱ्हाणपूरच्या एका मोटार-गॅरेजात शिकून नुकताच जिनात लागलेला एक तरुण मिस्त्री. बायका कडेला उभ्या होत्या, त्यांत मी. वडिलांनी तिसऱ्या लाथेला इंजिन सुरू केलं आणि टाकीवर हात ठेवून हसत उभे राहिले. धूर स्वच्छ, चाल एकसारखी. पण त्या फटफटीच्या आवाजाच्या आत दुसरा एक आवाज होता. टक्-टक्. टक्-टक्. कुणीतरी लोखंडाच्या कपाटात अडकलंय आणि आतून दार वाजवतंय, असा.

सगळ्यांचे चेहरे बदलले. वडील अजून हसतच होते.

"मिस्त्री, हा ठोका कसला?" मॅनेजर त्यांच्या मागून म्हणाले. वडिलांनी वळून पाहिलं नाही. मॅनेजरांनी पुन्हा विचारलं. मी खूण करायला हात उचलला, पण मध्ये मापाड्याचं भलंमोठं पागोटं होतं. शेवटी त्या तरुण मिस्त्रीनं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "चाचा, सायेब पुसून राह्यले, ठोका कायचा हाय?"

"ठोका? कायचा ठोका?" वडील म्हणाले.

आवारात कुणी हसलं. मला अजूनही तो हसणारा सापडला तर मी त्याला सोडणार नाही.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यांनी इंजिन बंद करवलं, वडिलांच्या समोर आले आणि हळूच विचारलं, "मिस्त्री, कानाला कमी येतं का हो तुमच्या?"

"नाई सायेब," वडील म्हणाले. "ध्यान दुसरीकडं होतं."

तरुण मिस्त्रीचं मत पडलं की आतला मोठा बेअरिंग झिजून बसला आहे, जिथं पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या शाफ्टला, मिळतो तो. सगळं इंजिन पुन्हा उघडावं लागेल. मॅनेजर म्हणाले, "घट बसेपर्यंत मिस्त्रींना वेळ देतो. नाही जमलं तर हा उघडेल. आणि मग हंगामाचं मोठं इंजिन कुणाकडं द्यायचं, तेही बघावं लागेल." ते हे शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं. चाळीस हंगामांचा माणूस आठ दिवसांत ठरणार होता. इंजिन ऐकून बघण्यासाठी त्यांनी एक बाटली पेट्रोल दिलं आणि सांगितलं की याहून थेंब मिळणार नाही.

वडील फटफटी ढकलत आमच्या चाळीपुढच्या अंगणात घेऊन आले.  आईनं भाकरी वाढली ती तशीच राहिली. मग ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "खरं सांग माय. ठोका हाये का?"

"हाये, बा," मी म्हणाले.

ते जमिनीकडं बघत राहिले. मला रडू आलं नाही, संताप आला. ज्या माणसानं लोखंडाचा तुकडा हातात घेऊन तो कुठल्या पुलीचा आहे ते सांगावं, त्याच्यापुढं टेचात बेअरिंग बसला म्हणून सांगणारं ते कालचं पोर! मी म्हणाले, "कान माहे हायेत, हात तुमचे हायेत. चाला, पाहू कुठं हाये तो." त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं आणि आधी माझ्या पोटाकडं पाहिलं. मग उठून पाट आणून फटफटीशेजारी टाकला.

मोठे मिस्त्री इंजिनाचा आवाज शोधायला एक दांडी वापरतात. एक टोक इंजिनावर, दुसरं कानामागच्या हाडावर. दांडीतून आतलं सगळं स्पष्ट ऐकू येतं. वडिलांची लोखंडी दांडी जिनात राहिली होती, म्हणून मी आईचं लाटणं घेतलं. "अवं, त्याच्यानं पोळ्या लाटतो मी!" आई ओरडली. शेजारच्या काकू ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोटुशी बाई फटफटीपाशी बसते का वं? लेकरू फटफट करतच निंगंल." मी म्हणाले, "निंगू द्या. चालत तं येईल सोताच्या पायानं." काकू आत गेल्या.

पण नुसतं ऐकून काय उपयोग? मला आवाज ऐकू येत होता, त्याचा अर्थ कळत नव्हता. त्यांना अर्थ कळला असता, आवाज ऐकू येत नव्हता. तो त्यांच्यापर्यंत पोचवायचा कसा? "टक् वाजते" असं सांगून मिस्त्रीला काय कळणार? वडिलांनीच युक्ती काढली. त्यांनी उजवा तळहात मागच्या नळीसमोर धरला, जिथून धूर बाहेर पडतो. प्रत्येक धाप त्यांना तळव्यावर लागत होती. डावा हात माझ्यापुढं केला. "जसं वाजते तसं ठोक माह्या हातावर," ते म्हणाले. "जोरात तं जोरात, हळू तं हळू."

मी डाव्या हातानं लाटणं कानाशी धरलं, डोळे मिटले, आणि उजव्या बोटांनी त्यांच्या तळव्यावर ठोके द्यायला लागले. एक मोठा, एक बारका. एक मोठा, एक बारका. त्यांचा चेहरा तेव्हा कसा होता ते मला माहीत नाही, कारण मी डोळे उघडलेच नाहीत. पण त्यांनी माझी बोटं एकदम मुठीत पकडली आणि इंजिन बंद केलं.

"एका धापेले दोन ठोके," ते म्हणाले. "धूर सोडणाऱ्या वालचं काम नाई. वाल एका धापेले एकदा उघडते. हे फिरणाऱ्या शाफ्टचं काम हाये, ते एका धापेले दोनदा फिरते." पाच वर्षांनंतर त्यांनी पहिल्यांदा इंजिन ऐकलं होतं. ते माझ्याकडं बघून हसले आणि मला इतका आनंद झाला की पाटावरून उठताना मी पडता पडता राहिले.

एवढ्यावर काम झालं नव्हतं. शाफ्टचं म्हणजे त्या पोराचं म्हणणं खरंही असू शकत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बसलो. पेट्रोल पुरवून वापरायचं होतं, म्हणून इंजिन दोन-तीन मिनिटंच चालवायचं असं ठरलं. वडील गाडीवर बसले, ब्रेक दाबून धरला, गिअर टाकला आणि क्लच थोडा सोडला. इंजिनावर ओझं आलं, ते घुमायला लागलं. "वाढला का कमी झाला?" त्यांनी डोळ्यांनीच विचारलं.

मी लाटणं खाली ठेवून दोन्ही हात हलवले. गेला! ठोका गेलाच! क्लच ओढला की परत आला, सोडला की परत गेला.

वडिलांनी इंजिन बंद केलं आणि मांडीवर थाप मारली. मोठा बेअरिंग खराब असता तर ओझं आल्यावर ठोका वाढला असता, कमी झाला नसता, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. ओझ्याखाली गप्प बसणारा आणि मोकळा सोडला की वाजणारा म्हणजे काहीतरी कशावर तरी ढिलं बसलेलं आहे. "ते पोरगं इंजिन फुकट उघडनार होतं," ते म्हणाले, आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

तिसऱ्या दिवशी मी लाटणं फिरवत फिरवत सगळं इंजिन ऐकलं. पोटाशी ऐकलं, डोक्याशी ऐकलं, उजवीकडं ऐकलं. मग डावीकडं, साखळीवर पत्र्याचं झाकण असतं तिथं टोक टेकवलं आणि कानात घण पडल्यासारखं झालं. मी बोट ठेवलं. "हितं."

झाकणाआड एक दातेरी चाक होतं. इंजिनाच्या शाफ्टच्या टोकाला ते बसवलेलं असतं आणि त्याच्यावरून साखळी मागं जाते. वडिलांनी झाकण काढलं, चाकाला दोन्ही हातांनी धरून हलवलं. हललं नाही. पान्यानं नट पाहिला. घट्ट होता. "हे नाई," ते म्हणाले.

"हेच हाये."

"म्या चावी बसवली हाये त्याची. माह्या हातची."

चावी म्हणजे शाफ्टवर चाक फिरू नये म्हणून दोघांच्या खाचेत बसवायचा लोखंडाचा लहानसा तुकडा. आणि चाव्या हा माझ्या वडिलांचा अभिमान होता. त्या लांब शाफ्टवरच्या साऱ्या पुल्या त्यांच्या हातच्या चाव्यांवर फिरत होत्या, आणि चाळीस हंगामांत त्यांची एक चावी निसटली नव्हती. लांबलांबच्या जिनांतून माणसं त्यांच्याकडून चाव्या घडवून न्यायची. त्या फटफटीची जुनी चावी तुटलेली होती. नवी त्यांनी कानशीनं दोन दिवस बसून केली होती.

"बा, आवाज तिथूनच येते," मी म्हणाले.

"तुले काय समजते चावीतलं?"

मग मी बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. "मले चावीतलं काई समजत नाई. पण मले आयकू येते. तुमाले येत नाई." घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. आई दारात उभी होती, ती आत निघून गेली. वडिलांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि बाहेर चालते झाले. मी पाटावर बसून रडले, आणि रडता रडता स्वतःवरच चिडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं बसले होते तेव्हा ते आत आले. एका हातात ते दातेरी चाक होतं, दुसऱ्या हाताची बोटं शेंदरानं लाल. मला वाटलं मारुतीला जाऊन आले. नव्हते गेले. मिस्त्री लोक लोखंड लोखंडावर नीट टेकतं की नाही ते बघायला तेलात कालवलेला शेंदूर लावतात. जिथं टेकेल तिथं रंग उठतो, जिथं टेकत नाही तिथं लोखंड कोरडं राहतं. त्यांनी पहाटेच उठून चाक काढलं होतं, शाफ्टला आणि चावीला शेंदूर फासला होता, चाक पुन्हा चढवून नट आवळला होता आणि परत उतरवलं होतं.

"पाह्य," ते म्हणाले, आणि चाकाचं भोक माझ्यापुढं धरलं.

आतून सगळं कोरडं होतं. लाल रंगाची फक्त एक बोटभर रेघ, वरच्या बाजूला, चावीच्या खाचेत.

त्यांनी मला सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत आठवते. "जिनाच्या शाफ्टवर पुली सरळ असते. तिथं चावी खालून-वरून दाबून ठोकली पायजे, तिच्याच जोरावर पुली धरते. ह्या शाफ्टचं टोक निमुळतं हाये. हितं चाक शाफ्टच्या उतारावर बसलं पायजे, चावीनं नुसतं वळू द्यायचं नाई. म्या चावी जिनासारखी केली. केसभर उंच. चाक उतारावर टेकलंच नाई. चावीवर टेकलं. चाळीस वर्स ठोकल्या ना माय, हात सवयीनं चालला."

पाट्याखाली खडा आला की तो जसा वाटताना डगमगतो, तसं ते चाक डगमगत होतं. हातानं हलवून ते कळणार नव्हतं. नट घट्ट होता. इंजिन चाललं, झटके बसले, तेव्हाच ते वाजत होतं. चूक त्यांच्या कमीपणामुळं झाली नव्हती. जे काम त्यांना सगळ्यांत चांगलं येत होतं त्याच्यामुळं झाली होती, आणि ती त्यांची त्यांनीच शोधली.  मी चहा केला आणि आम्ही दोघांनी चुलीपुढं बसून प्यायला.

चावी त्यांनी माझ्यासमोरच कमी केली. दोन वेळा कानस फिरवायची, चाक चढवून शेंदूर बघायचा. पुन्हा दोन वेळा. दुपारपर्यंत रंग चाकाच्या भोकात सगळीकडून गोल उठला आणि चावीची पाठ कोरडी निघाली. मग नट, मग झाकण. बाटलीत तळाशी जेमतेम पेट्रोल उरलं होतं. त्यांनी लाथ मारली. मी लाटणं झाकणावर टेकवलं आणि ऐकलं.

काही नाही! साखळीची सळसळ, पिस्टनची ये-जा, आणि बाकी काही नाही. मी झाकणावर ऐकलं, पोटाशी ऐकलं, पुन्हा झाकणावर ऐकलं. वडिलांनी आपला तळहात माझ्यापुढं धरला होता आणि ते ठोक्याची वाट बघत होते. मी त्यांच्या तळव्यावर बोट टेकवलं नाही. हात पालथा करून नुसता ठेवला. ते इंजिन बंद करायलाच विसरले, आणि शेवटचं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडलं. त्या दिवशी मी जिंकले होते, आणि तसं मोठ्यानं म्हणालेही. आई म्हणाली, "आता माहं लाटणं दे."

घट बसायला दोन दिवस उरले असताना वडील फटफटी घेऊन जिनात गेले. मीही गेले. आईनं अडवलं, मी ऐकलं नाही. मॅनेजरांनी पेट्रोल घातलं, इंजिन सुरू करवलं, मान वाकडी करून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "उभ्या गाडीवर भरवसा नाही," आणि थेट धामणगाव बढ्याला निघून गेले. आम्ही आवारात बसून राहिलो. तरुण मिस्त्रीही बसला. त्यानं वडिलांना बिडी दिली आणि विचारलं, काय निघालं? वडिलांनी त्याला सगळं सांगितलं, चावीसकट, काही न लपवता. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मी तं पूरा इंजिन खोलला असता, चाचा. आन चाक जसंच्या तसं परत चढवलं असतं." मग तो मला फार वाईट वाटेनासा झाला.

ऊन कलायला लागलं तेव्हा रस्त्यावरून फटफट ऐकू आली. स्वच्छ, एकसारखी, आणि आत कुणी दार वाजवत नव्हतं. मॅनेजर धुळीनं माखून आवारात शिरले. उतरले, चष्मा पुसला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वा मिस्त्री! नालगंगा नदीच्या चढावरही कुरकुर नाही. मला वाटलं होतं, तुमचे कान गेले. छे! असा कान अख्ख्या वऱ्हाडात नसेल."

झालं होतं. जागा राहिली होती. वडिलांनी फक्त हसायचं होतं, नाहीतर नुसती मान हलवायची होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, बा, आता गप्प बसा.

ते म्हणाले, "सायेब, कान माहे नाईत. मले पाच वर्सं झाले, काईच आयकू येत नाई. त्या दिवशी म्या तुमाले खोटं सांगितलं. ठोका माह्या पोरीनं शोधला."

आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. सगळं आवार माझ्याकडं आणि माझ्या पोटाकडं बघायला लागलं. मला त्यांचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला की त्यातलं कुठलं जास्त होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

मॅनेजरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग वडिलांच्या बरोबर समोर आले आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, "मग हंगामात मोठं इंजिन कोण ऐकणार, मिस्त्री?"

वडिलांनी काही म्हणायच्या आत तरुण मिस्त्री पुढं झाला. "मी आयकतो, सायेब. चाचा सांगतीन तसं करतो. पण हातावर ठोकून कसं सांगायचं, ते ह्या ताईनं शिकवलं पायजे."

मॅनेजर माझ्याकडं वळले. त्यांच्याशी मी तोवर कधी एक शब्दही बोलले नव्हते. "शिकवशील?" त्यांनी विचारलं. "तुझे तर दिवस भरत आले."

"उद्यापासून शिकवते," मी म्हणाले. "नववा लागला म्हनून कान बंद होत नाईत, सायेब."

आधी तो तरुण मिस्त्री हसला, मग मापाडी, मग मॅनेजर चष्मा काढून हसले, आणि म्हणाले की दसऱ्याला मोठं इंजिन मिस्त्रीच चालू करतील. वडील माझ्या पाठीमागं उभे होते. त्यांना माझे ओठ दिसले नव्हते. त्यांनी माझा खांदा धरून मला वळवलं आणि विचारलं, "काऊन हसून राह्यले सारे? काय म्हनली तू?" मी त्यांना ते वाक्य पुन्हा सांगितलं, सावकाश, त्यांच्याकडं बघत. मग ते हसायला लागले, आणि बाकीचे सगळे थांबले तरी ते हसतच होते.